१० लिटर दुधात पेढे किती? दुधाचे पदार्थ विकण्याआधी करायचा पक्का हिशोब

आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक तरी ताई किंवा दादा असे असतात, ज्यांच्या हाताला जबरदस्त चव असते. पेढे, श्रीखंड, बासुंदी, नातेवाईक खाऊन खूश. मग कोणीतरी म्हणतं, "तू हे विकत का नाहीस?" आणि पहिली ऑर्डर येते. त्यानंतर मला विचारतात, "सर, किलोला भाव किती ठेवू?"

मी उलटा प्रश्न विचारतो: "१० लिटर दुधात तुमचे पेढे किती किलो होतात?"

बहुतेक वेळा उत्तर येतं, "मोजलं नाही, पण साधारण..." इथेच गडबड आहे. दुधाच्या धंद्यात नफा किंवा तोटा भट्टीवर ठरतो, आणि तो आपल्याला गल्ल्यावर कळतो, तोही दोन-तीन महिन्यांनी. म्हणून आज रेसिपी नाही. आज दूध, खवा, पनीर, चक्का हे कच्चा माल म्हणून कसे बघायचे, ते समजून घेऊ. वही-पेन घेऊन बसा.

१. पिशवीवरचे दोन आकडे वाचा

दूध म्हणजे मुख्यतः पाणी. धंद्याच्या दृष्टीने आपण विकत घेतो ते त्या पाण्यातले घन पदार्थ. त्याचे दोन भाग: फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ. यात प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार येतात. दूध पिशवीवर हे दोन्ही आकडे छापलेले असतात. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे किमान प्रमाण असं आहे:

- फुल क्रीम दूध: फॅट ६ टक्के, एसएनएफ ९ टक्के
- स्टँडर्डाइज्ड दूध: फॅट ४.५ टक्के, एसएनएफ ८.५ टक्के
- टोन्ड दूध: फॅट ३ टक्के, एसएनएफ ८.५ टक्के
- डबल टोन्ड दूध: फॅट १.५ टक्के, एसएनएफ ९ टक्के
- गाईचं दूध: फॅट ३.२ टक्के, एसएनएफ ८.३ टक्के

दोन्ही आकड्यांची बेरीज करा. फुल क्रीमची १५ आली, टोन्डची साडेअकरा. म्हणजे १०० ग्रॅम फुल क्रीम दुधात १५ ग्रॅम माल आहे आणि ८५ ग्रॅम पाणी. तुम्ही गॅस जाळून उडवणार ते हे पाणी, आणि विकणार तो हा माल.

तुम्ही गवळ्याकडून सुटं दूध घेत असाल तर पिशवीवर वाचायला काही नाही. मग गावातल्या डेअरीत सॅम्पल तपासून घ्या. फॅट-एसएनएफ काढायचं मशीन आता बहुतेक संकलन केंद्रांवर असतं. "आमच्या म्हशीचं घट्ट दूध आहे" यावर कॉस्टिंग होत नाही.

२. उतारा म्हणजे काय?

साखर कारखान्यात उसाचा उतारा बघतात ना? एक टन उसातून किती साखर निघाली. तसाच दुधाचा उतारा असतो. १० लिटर दुधाचा ढोबळ उतारा असा धरा:

- फुल क्रीम दुधाचा खवा: २ ते २.२ किलो
- टोन्ड दुधाचा खवा: १.५ ते १.७ किलो
- फुल क्रीम दुधाचं पनीर: १.८ ते २ किलो
- फुल क्रीम दुधाच्या दह्याचा चक्का: साडेतीन ते चार किलो

हे अंदाज आहेत. तुमचं दूध, तुमची कढई, खवा किती घट्ट ठेवता, यावर आकडा बदलतो. म्हणून तीन वेळा स्वतः करून, वजनकाट्यावर मोजून सरासरी काढा. वजन करताना माल गार झालेला असू द्या. तो आकडा कढईच्या वर भिंतीवर लिहून ठेवा. तोच तुमच्या धंद्याचा पाया आहे.

३. स्वस्त दूध महाग कसं पडतं

समजा फुल क्रीम दूध ७२ रुपये लिटर आहे आणि टोन्ड ५६ रुपये. नवीन माणूस म्हणतो, "लिटरमागे १६ रुपये वाचले!" आता उतारा लावू.

फुल क्रीम: १० लिटरचे ७२० रुपये, खवा २.१ किलो. म्हणजे किलोला ३४३ रुपये.
टोन्ड: १० लिटरचे ५६० रुपये, खवा १.६ किलो. म्हणजे किलोला ३५० रुपये.

वाचले कुठे? उलट सात रुपये जास्त गेले. शिवाय एक किलो खव्यासाठी फुल क्रीममध्ये साधारण ३.९ किलो पाणी उडवावं लागतं, टोन्डमध्ये साधारण ५.४ किलो. म्हणजे गॅस जास्त, वेळ जास्त, हात जास्त दुखणार.

अजून एक महत्त्वाची गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. नियमाप्रमाणे खव्याच्या कोरड्या भागात किमान ३० टक्के दुधाचं फॅट असलं पाहिजे. टोन्ड दुधात साडेअकरा भाग घन पदार्थ, त्यात फॅट ३ भाग. हे प्रमाण झालं २६ टक्के. म्हणजे तुम्ही एक थेंबसुद्धा भेसळ केली नाही, तरी तुमचा खवा मानकाला उतरत नाही! गाईच्या अगदी किमान फॅटच्या दुधाचंही तेच, २८ टक्क्यांच्या आसपास येतं. गाईचा खवा करायचा असेल तर ४ टक्के फॅटचं दूध शोधा. फुल क्रीममध्ये हेच प्रमाण ४० टक्के येतं, स्टँडर्डाइज्डमध्ये साधारण ३५. दोन्ही चालतात.

तुमच्या भागातले भाव वेगळे असतील. पद्धत मात्र हीच: लिटरचा भाव भागिले लिटरमागे निघालेला माल.

४. पदार्थ बघून घटक निवडा

खवा. खवा तीन प्रकारचा. पिंडी खवा घट्ट आणि मऊसूत असतो, पेढे-बर्फीसाठी. धाप खवा ओलसर असतो, गुलाबजामसाठी. दाणेदार खवा थोडं आम्ल टाकून करतात, कलाकंदासाठी. गुलाबजामसाठी पिंडी खवा घेतला तर जास्त पैसे देऊन कडक गुलाबजाम मिळतात. पेढ्यासाठी धाप घेतला तर तुम्ही पाणी विकत घेतलं, ते पुन्हा आटवायला गॅस जाळला आणि वजन घटलं. व्यापाऱ्याला नुसतं "खवा द्या" म्हणू नका, कुठला ते सांगा.

चक्का. श्रीखंडाची घरगुती रेसिपी बऱ्याच ठिकाणी "जेवढा चक्का तेवढी साखर" अशी असते. घरी ठीक आहे. विकायचं असेल तर नियम बघा: श्रीखंडाच्या कोरड्या भागात साखर ७२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि एकूण घन पदार्थ किमान ५८ टक्के लागतात. चक्क्यात साधारण ३० टक्के घन पदार्थ धरले तर एक किलो चक्क्याला एक किलो साखर टाकल्यावर साखरेचं प्रमाण ७७ टक्क्यांवर जातं. मर्यादेबाहेर! एक किलो चक्क्याला ७०० ग्रॅम साखर टाकली तर दोन्ही अटी बसतात. आणि चक्का पातळ असेल तर हे गणित कोसळतं, म्हणून रात्रभर नीट टांगा, फ्रिजमध्ये टांगलात तर आंबटपणाही वाढत नाही.

पनीर. पनीरमध्ये पाणी जास्तीत जास्त ६० टक्के आणि कोरड्या भागात फॅट किमान ५० टक्के, हा नियम. म्हणूनच पनीरला फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध लागतं. दूध उकळून थोडं खाली उतरवा, ७० ते ७५ अंशांवर आलं की सायट्रिक आम्लाचं पातळ पाणी हळूहळू घाला. उकळत्या दुधात एकदम ओतलं तर पनीर चामट होतं आणि तुकडे पाडताना भुगा जास्त पडतो. भुगा म्हणजे घटलेला माल.

दूध पावडर. पावडर वापरणं गुन्हा नाही. बासुंदी घट्ट करायला, आइस्क्रीमला, उन्हाळ्यात दूध पातळ येतं तेव्हा उपयोगी पडते. पण घटकांच्या यादीत लिहा. आणि फक्त पावडर-तुपाचे पेढे करून "शुद्ध खव्याचे पेढे" असं लेबल लावू नका.

लोणी आणि तूप. लोण्यात फॅट किमान ८० टक्के लागतं, तूप जवळजवळ पूर्ण फॅट. म्हणून एक किलो लोणी कढवलं तर एक किलो तूप कधीच येणार नाही, ७८०-८०० ग्रॅमच्या आसपास धरा. घरच्या लोण्यात पाणी जास्त असतं, तिथे त्याहून कमी. तुपाचा भाव ठरवताना हे विसरू नका.

५. दूध फाटतं तेव्हा पैसे फाटतात

ज्यांचा केटरिंगचा किंवा टिफिनचा धंदा आहे, त्यांच्यासाठी हा भाग. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. आंबटपणा वाढला की ते एकत्र येऊन गोळा होतं, आणि गरम असताना तर थोड्या आंबटानेही होतं. पनीर करताना हेच आपल्याला हवं असतं. खीर-ग्रेव्हीत नको असतं. तीन सवयी लावून घ्या:

- गुळाची खीर असेल तर गूळ उकळत्या दुधात टाकू नका. गुळात आम्ल आणि क्षार असतात. गॅस बंद करून, खीर कोमट झाल्यावर गुळाचा पाक मिसळा.
- टोमॅटोच्या ग्रेव्हीत पातळ दूध टाकण्यापेक्षा क्रीम टाका. क्रीममध्ये फॅट जास्त आणि प्रथिन कमी, त्यामुळे फाटण्याचा धोका कमी. तेही शेवटी, मंद आचेवर.
- कढीला ताकात बेसन आधी घुसळून घ्या आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा. बेसनामुळे ताक फुटत नाही. आजीची पद्धत आहे, आणि शास्त्र पण तेच सांगतं.

५० माणसांच्या ऑर्डरची खीर जेवणाच्या आधी अर्धा तास फाटली, तर नुकसान १० लिटर दुधाचं नसतं. ते कुटुंब पुढच्या कार्यक्रमाला दुसऱ्याला फोन करतं. ते नुकसान कुठल्याच वहीत दिसत नाही.

६. पेढ्याचा पूर्ण हिशोब

आता मुख्य मुद्दा. १० लिटर फुल क्रीम दुधाची एक बॅच. भाव उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे टाका.

- दूध १० लिटर: ७२० रुपये
- साखर ६०० ग्रॅम: २७ रुपये
- वेलची, केशर, पिस्ता: ५० रुपये
- गॅस, व्यावसायिक सिलिंडरच्या दराने: १०५ रुपये
- मजुरी ३ तास, तासाला ८० रुपये: २४० रुपये
- पाव किलोचे १० बॉक्स: ८० रुपये

एकूण १२२२ रुपये.

खवा २.१ किलो अधिक साखर ६०० ग्रॅम म्हणजे २.७ किलो. पण साखर घालून परतताना पाणी उडतं, कढईला-हाताला लागतं. हातात येतात अडीच किलो पेढे. १२२२ भागिले अडीच, म्हणजे किलोला ४८९ रुपये.

आता बरेच जण कसा हिशोब करतात बघा. दूध ७२० अधिक साखर २७, भागिले २.७ किलो. उत्तर आलं २७७ रुपये. "४०० ला विकले तरी किलोमागे १२३ सुटतात!" असं म्हणून ऑर्डर घेतात. प्रत्यक्षात खर्च ४८९. म्हणजे प्रत्येक किलोला ८९ रुपये जाताहेत, आणि जितकी ऑर्डर मोठी तितका खड्डा मोठा. दिवाळीत ५० किलोची ऑर्डर मिळाली म्हणून घरात आनंद, आणि ४४५० रुपये खिशातून गेले. "पण गॅस तर घरचाच आहे, काम तर मीच करते," असं म्हणू नका ताई. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नसतो, आणि तुमचे तीन तास फुकट नाहीत. उद्या मदतीला बाई ठेवाल तेव्हा तिला पगार कुठून देणार?

हे अजून संपलं नाही. अडीच किलोतले पाव किलो चवीला गेले, तुटले किंवा उरले असं धरा. मग विकायला २.२५ किलो. १२२२ भागिले २.२५, म्हणजे ५४३ रुपये किलो. विक्रीच्या किमतीत २० टक्के नफा हवा असेल तर ५४३ भागिले ०.८. भाव आला साधारण ६८० रुपये. भाडं, डिलिव्हरी, जाहिरात असेल तर ते वेगळं.

भाव जास्त वाटतोय? मग भाव कमी करू नका, पदार्थ बदलून बघा. त्याच १० लिटरचा साडेतीन किलो चक्का आणि अडीच किलो साखर घेतली तर सहा किलो श्रीखंड होतं. दूध-साखरेचा खर्च किलोला १३९ रुपये पडतो. गॅस फक्त दूध तापवण्यापुरता. पण श्रीखंडाला फ्रिज लागतो, लोड शेडिंगचा विचार लागतो, आणि उन्हाळ्यात डिलिव्हरीला आइस बॉक्स लागतो. कुठला पदार्थ आपल्या घराला, आपल्या गिऱ्हाइकाला झेपतो, हे असं कागदावर ठरवायचं.

७. बाहेरून माल घेताना

धाराशिव जिल्ह्यातलं भूम खव्यासाठी प्रसिद्ध आहे, साताऱ्याचे कंदी पेढे आणि नरसोबाच्या वाडीची बासुंदी तर सगळ्यांना माहीत. चांगला माल आपल्याकडे मिळतो. तरी सणाच्या आधी खव्याची मागणी एकदम वाढते, दूध मात्र तेवढंच असतं. मग उरलेला खवा कुठून येतो, हा प्रश्न स्वतःला विचारा.

उतारा माहीत असला की फसवणूक भावावरूनच कळते. समजा कोणी मोठ्या प्रमाणात ५५ रुपयांनी म्हशीचं दूध घेतो. लिटरला १९० ग्रॅम पनीर धरलं तरी नुसत्या दुधाचा खर्च किलोला २८९ रुपये झाला. तोच तुम्हाला २४० रुपयांनी पनीर देत असेल तर एक तर दुधातली साय आधीच काढून घेतलेली आहे, किंवा ते वनस्पती तेलाचं अ‍ॅनालॉग आहे. अ‍ॅनालॉगला पनीर म्हणून विकणं बेकायदेशीर आहे, आणि तुमच्या मेनूकार्डवर "पनीर" लिहिलं असेल तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

घरी करायच्या तपासण्या: थोडा खवा पाण्यात उकळून पूर्ण गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. खव्यात स्टार्च, साखर, रंग काहीच चालत नाही. चांगला खवा तळहातावर चोळला की तूप सुटतं आणि भाजक्या दुधाचा वास येतो. मात्र तेलाची भेसळ आयोडीनने कळत नाही, त्याला लॅबच लागते. म्हणून पक्कं बिल घ्या, पुरवठादाराचा एफएसएसएआय नंबर बिलावर बघा. बिल न देणाऱ्याकडून १० रुपये स्वस्त माल घेऊ नका.

८. कागदपत्रं आणि तारीख

- घरून विकत असाल तरी एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. उलाढालीप्रमाणे कुठला, ते फॉसकॉस पोर्टलवर बघा.
- १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही "कधीपर्यंत खावं" ही तारीख लावणं बंधनकारक आहे.
- पॅकिंग केलं तर घटकांची यादी, वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख, आणि दूध हे अ‍ॅलर्जी करू शकणारं घटक म्हणून वेगळं नमूद करा.
- एफएसएसएआयच्या मार्गदर्शनात कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाईसारखे पदार्थ दोन दिवसांत आणि खव्याची मिठाई चार दिवसांत संपवायला सांगितलं आहे. "आठ दिवस राहतात हो" असं गिऱ्हाइकाला तोंडी सांगू नका.
- २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद पनीरवरचा जीएसटी शून्य झाला, आणि लोणी, तूप, चीजवरचा १२ वरून ५ टक्के. तुमची कॉस्टिंग शीट त्याआधीची असेल तर नवीन करा.

९. उरलेल्याचे पैसे करा

१० लिटर दुधाचं पनीर केलं की साधारण आठ लिटर पाणी उरतं. ते ओतून देऊ नका. त्यात प्रथिनं आणि दुधाची साखर आहे. कणीक मळायला, डाळीला, कढीला वापरा. टिफिनवाल्यांना याचा चांगला उपयोग होतो. तूप कढवल्यावर उरलेली बेरी गूळ घालून लाडवात किंवा गोड पोळीत जाते. पनीरचा भुगा भुर्जीला आणि पराठ्याच्या सारणाला. जे घटक पुन्हा वापरले जातात, त्यांची किंमत मूळ पदार्थाच्या खर्चातून वजा होते. हाच छोट्या धंद्याचा फायदा, मोठ्या कारखान्याला हे स्वयंपाकघर नसतं.

आजचा होमवर्क

या रविवारी एकच काम करा. पाच लिटर दूध घ्या, पिशवीवरचं फॅट-एसएनएफ लिहा, तुमचा नेहमीचा पदार्थ करा आणि शेवटी गार करून वजन करा. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ लिहा. सिलिंडर आधी आणि नंतर काट्यावर ठेवा, गॅस किती लागला ते ग्रॅममध्ये कळेल. मग वरच्या यादीप्रमाणे खर्च मांडा.

आकडा आला की तुमच्या आत्ताच्या भावाशी ताडून बघा. भाव वाढवावा लागला तर गिऱ्हाइकाला सरळ सांगा: फुल क्रीम दूध आहे, पावडर नाही, तारीख लावलेली आहे. दहातले दोन जातील, आठ राहतील, आणि त्या आठ जणांवर तुमचं दुकान चालेल. तोट्यात दिलेल्या दहा ऑर्डरींवर कोणाचंच दुकान चालत नाही.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत वजनकाटा पुसून ठेवा!